पासवर्ड बदलू नका

बराकपूरच्या एका कॉम्प्युटरवर माझ्या नावाने कुणीतरी एका मुलीच्या रक्ताचा रिपोर्ट उघडला, तेव्हा मी सेक्टर फाइव्हमध्ये माझ्या साहेबांच्या केबिनमध्ये, त्यांच्याच समोर बसले होते. नव्या सेंटरची जोडणी कशी करायची याबद्दल ते मला समजावत होते. तरी कंपनीने खुलासा मागितला तो माझ्याकडे. या गोष्टीचा राग मला आजही येतो, आणि तो आवरून लिहायचा माझा इरादा नाही.

नवऱ्याची बँकेतली बदली कोलकात्याला झाली आणि आम्ही सॉल्ट लेकला राहायला आलो. नाशिकची नोकरी सोडून मी आले होते. इथे रक्त-लघवी तपासणाऱ्या एका कंपनीत मला काम मिळालं. हेड ऑफिस सेक्टर फाइव्हला, आणि नमुने घेण्याची सेंटरं सगळीकडे पसरलेली: हावड्याला, बेहालाला, बराकपूरला, पार वर नदीकाठच्या गावांपर्यंत. माझं काम असं की संध्याकाळी इथे बसून मी एक कमांड द्यायची. त्यासरशी प्रत्येक सेंटरच्या कॉम्प्युटरवर एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, चालू व्हायची. ती तिथल्या मशीनमधून दिवसभराचे निकाल गोळा करायची आणि आमच्या मुख्य सर्व्हरवर आणून ठेवायची. मग पेशंटच्या फोनवर रिपोर्ट जायचे.

यात एक अडचण असते. मी इथून बराकपूरच्या कॉम्प्युटरला काम सांगू शकते, कारण तो मला ओळखतो. पण तिथून ती स्क्रिप्ट जेव्हा पुन्हा मुख्य सर्व्हरकडे येते, तेव्हा सर्व्हर विचारतो, तू कोण? माझी ओळख तिच्याबरोबर तिथपर्यंत गेलेली नसते. तिला तिथे नव्याने नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. तो कसा द्यायचा याच्या चांगल्या रीती आहेत. वाईट रीत एकच आहे आणि ती सगळ्यांत सोपी आहे: नाव आणि पासवर्ड स्क्रिप्टच्या फाईलमध्येच साध्या अक्षरांत लिहून टाकायचा आणि ती फाईल सगळीकडे पाठवून द्यायची.

पहिल्या दिवशी साहेबांनी मला माझं लॉगिन दिलं. माझं नाव, टिंब, आडनाव. खाली पासवर्ड.

"हा बदलू नका, मॅडम," ते म्हणाले.

मी म्हणाले, "पहिल्यांदा लॉगिन केलं की बदलतातच ना?"

"इथे नाही. स्क्रिप्टमध्ये हाच घातलाय."

मला वाटलं माझ्या हिंदीचा घोटाळा होतोय. मी पुन्हा विचारलं. त्यांनी न चिडता सांगितलं. साहेब चिडणारे नव्हतेच. कुणाचा वाढदिवस असला की स्वतः जाऊन गुळाच्या संदेश मिठाईचा डबा आणणारा माणूस. माझ्या आधी जो होता त्याच्या नावावर सगळं चालायचं. तो नोकरी सोडून गेला, एचआरने नियमाप्रमाणे त्याचं खातं बंद केलं, आणि त्या दिवशी एकाही सेंटरचा रिपोर्ट आला नाही. म्हणून मी रुजू व्हायच्या आधीच माझ्या नावाचं खातं उघडून त्याला सगळे अधिकार दिले गेले आणि ते सगळीकडे बसवलं गेलं. मी नाशिकला सामान बांधत होते, आणि इकडे माझं नाव कामाला लागलं होतं.

"सर, ही फाईल प्रत्येक सेंटरच्या कॉम्प्युटरवर आहे. नोटपॅडमध्ये उघडली की कुणालाही माझा पासवर्ड वाचता येईल."

"काउंटरवरची माणसं आहेत ती. नोटपॅड कोण उघडतंय?"

"आणि या खात्याला सगळे रिपोर्ट दिसतात. स्क्रिप्टला नुसते ठेवायचे आहेत. बघायचे कशाला?"

"आत्तापुरतं आहे, मॅडम. पुढच्या तिमाहीत करू."

त्या आठवड्यातच मी मेल लिहिला. प्रत्येक सेंटरच्या कॉम्प्युटरला त्याचं स्वतःचं वेगळं खातं द्या. त्याला फक्त रिपोर्ट टाकता यावेत, उघडता येऊ नयेत. पासवर्ड फाईलमध्ये नको. तो इथे कुलूपबंद राहील, काम चालू होताना स्क्रिप्टने मागून घ्यावा आणि काम झालं की विसरावा. हे मी काही नवीन शोधलं नव्हतं. आमच्या क्षेत्रात कुणीही हेच सांगेल. उत्तर आलं नाही. पुढच्या तिमाहीत मी पुन्हा लिहिलं. मग तोंडी विचारलं. मग नवी स्क्रिप्ट स्वतःच लिहून तयार ठेवली, म्हणजे काम फार आहे ही सबब राहायला नको. तरी "बघू" यापुढे गाडी गेली नाही.

घरी मी हे सांगितलं तेव्हा नवरा जेवता जेवता थांबला. "आमच्याकडे शेजारच्या टेबलावरच्याला पासवर्ड सांगितला तरी खात्यांतर्गत चौकशी लागते," तो म्हणाला. "आणि तुमच्याकडे तो वाटतायत?"

"वाटतायत."

"तू लेखी दिलंयस ना?"

"दिलंय."

"मग बरं," तो म्हणाला. त्याच्या बँकेच्या हिशेबाने ते बरंच होतं. मला काही बरं वाटलं नाही.

मग त्या मुलीची तक्रार आली, की तिचा रिपोर्ट बाहेर फुटला.

मला केबिनमध्ये बोलावलं. साहेब होते आणि एचआरच्या बाई होत्या. टेबलावर लॉगचा, म्हणजे कॉम्प्युटरने ठेवलेल्या नोंदींचा, एक छापील कागद होता, त्यातली एक ओळ पिवळी केलेली. माझं नाव, टिंब, आडनाव, बराकपूर सेंटर, दुपारची वेळ, एका पेशंटचा क्रमांक, रिपोर्ट उघडला.

"हा रिपोर्ट तुम्ही का उघडलात?" बाईंनी विचारलं.

मी तारीख पाहिली, वेळ पाहिली. मग साहेबांकडे पाहिलं. "सर, त्या दुपारी मी इथे होते. याच खुर्चीत. आपण नव्या सेंटरचं बोलत होतो."

साहेबांनी कॅलेंडर काढून पाहिलं. "हो," ते म्हणाले. "होतात खऱ्या." आणि मग, जणू या दोन गोष्टी शेजारी शेजारी सुखाने नांदू शकतात अशा स्वरात, "पण लॉगमध्ये तर तुमचंच नाव आहे."

"कारण माझं नाव तुम्ही सगळीकडे लिहून ठेवलंय."

एचआरच्या बाईंना लॉग, स्क्रिप्ट यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. त्यांनी अतिशय गोड आवाजात मार्ग सुचवला. तांत्रिक तपासणी करताना माझ्याकडून चुकून रिपोर्ट उघडला गेला, असं मी दोन ओळींत लिहून द्यायचं. कंपनी मला काहीही करणार नाही. तक्रार करणाऱ्या मुलीला उत्तर देता येईल आणि प्रकरण मिटेल.

मी विचारलं, "आणि ज्याने खरंच उघडला तो?"

बाई म्हणाल्या, "ते शोधत बसलो तर वाढत जाईल."

मी नाही म्हणाले. आवाज चढवला नाही. तेवढी ताकदच नव्हती. ज्या गोष्टीबद्दल मी आल्या दिवसापासून ओरडत होते, तीच गोष्ट घडली होती, आणि आता तिचं पाप मी स्वतःच्या अक्षरात लिहून घ्यावं असं ही माणसं मला चहा पाजत सांगत होती.

दुसऱ्या दिवशी मी बराकपूरला गेले. कुणाची परवानगी काढली नाही. सेंटरचा कॉम्प्युटर तपासणं हे माझं कामच होतं. विधाननगर स्टेशनवरून गाडी पकडली. एवढे दिवस मी या सेंटरला रोज कामाला लावत होते आणि ते कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. बाजारातल्या मिठाईच्या दुकानाच्या वर, जिना चढून गेल्यावर दोन खोल्या. काउंटरवर एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, हातात बंगाली सवाष्णींच्या शंखाच्या आणि पोवळ्याच्या बांगड्या घातलेल्या. मी नाव सांगितल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला.

"तुम्हीच का त्या मॅडम? तुमच्याच नावावर तर आमचं सगळं चालतं."

मला आधी वाटलं, त्या स्क्रिप्टबद्दल बोलतायत. मग मी त्यांच्या बाजूला जाऊन पाहिलं. मॉनिटरच्या कडेला एक कागदी पट्टी चिकटवली होती. त्यावर बांगला वळणाच्या इंग्रजी अक्षरांत माझं नाव, टिंब, आडनाव, आणि खाली माझा पासवर्ड. पट्टी जुनी होती, कडा काळ्या पडल्या होत्या. वरून सेलोटेप लावून ती नीट जपली होती.

त्या बाईंनी काही लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या लॉगिनवर फक्त त्या दिवसाचे रिपोर्ट दिसायचे. म्हातारी माणसं यायची, मागच्या वर्षीचा साखरेचा रिपोर्ट हरवला म्हणून सांगायची. ऑफिसला फोन करा तर कुणी उचलत नाही. कधीतरी कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्या माणसाने ही फाईल उघडून दाखवली. या नावाने गेलं की सगळं दिसतं. तेव्हापासून सगळे त्याच नावाने जायचे.

"सगळे म्हणजे कोण?"

"आम्ही काउंटरवरच्या. नमुने घेणारे. शनिवारी डॉक्टरबाबूंचा माणूस येतो, तोही." त्यांनी जरा विचार केला. "बाकीच्या सेंटरमध्ये पण असंच आहे, दीदी. हावड्याच्या लोकांनी आमच्याकडूनच घेतला."

मी त्या दुपारबद्दल विचारलं. कामावर कोण होतं, कुणी उघडला असेल. त्यांचा चेहरा तेव्हा पडला. त्या मुलीची गोष्ट गल्लीत पसरली होती, त्यांच्याही कानावर आली होती. "मी नाही," त्या म्हणाल्या. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. पण दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर तोही हेच म्हणाला असता, आणि त्याच्यावरही विश्वास ठेवण्यापलीकडे माझ्याकडे काही साधन नव्हतं. सगळ्यांनी एकच नाव घातलं होतं, माझं.

परतताना गाडीत मला त्या बाईंचा राग येत नव्हता. म्हाताऱ्यांना रिपोर्ट मिळावा म्हणून त्यांनी ते केलं होतं. मला राग येत होता तो वातानुकूलित खोलीत बसून "नोटपॅड कोण उघडतंय" म्हणणाऱ्या माणसाचा. काउंटरवरची माणसं वाचू शकत नाहीत असं गृहीत धरून त्याने एक अख्खी व्यवस्था उभारली होती.

पुढच्या आठवड्यात ती मुलगी स्वतःच हेड ऑफिसला आली. मेलला उत्तर मिळेना म्हणून शाळेतून अर्धी रजा घेऊन आली होती. एचआरच्या बाई तिला मीटिंग रूममध्ये घेऊन गेल्या. मला रिसेप्शनवरून कळलं आणि मी न बोलावता आत जाऊन बसले. बाईंनी डोळ्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले नाही.

सुती साडीतली, पंचविशीची मुलगी. खांद्याला मोठी पिशवी, तिच्यातून तपासायच्या वह्या डोकावत होत्या. मी माझं नाव सांगितलं तशी ती ताठ झाली. तक्रारीनंतर कुणीतरी तिला तेच नाव सांगितलं होतं.

"तुम्हीच का?"

"नाव माझं आहे," मी माझ्या मोडक्या बांगलात आणि हिंदीत सांगितलं. "रिपोर्ट मी उघडलेला नाही."

मग तिने सगळं सांगितलं. ती बराकपूरच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होती. तिच्या वर्गात एक लहान मुलगी होती, तिला थॅलेसेमिया होता. तिला सारखं रक्त द्यावं लागायचं, आणि मग ती शाळेत यायची नाही. त्या मुलीमुळे हिला या आजाराबद्दल कळलं होतं. म्हणून स्वतःचं लग्न ठरल्यावर कुणीही न सांगता ती तपासणीला आली. रिपोर्ट आला: ती वाहक होती. म्हणजे तिला स्वतःला काहीही आजार नव्हता. नवरा मुलगाही वाहक निघाला असता तरच पुढे मुलांना धोका होता. त्याची तपासणी करायची, बस. तिला हे सगळं व्यवस्थित माहीत होतं.

"रविवारी ते लोक आमच्याकडे येणार होते," ती म्हणाली. "तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन सांगणार होते. कसं सांगायचं ते मी ठरवलं होतं."

रविवार उजाडायच्या आधीच मुलाच्या मावशीचा फोन आला. तुमच्या मुलीच्या रक्तात दोष आहे आणि तुम्ही तो लपवलात. कुणाकडून कळलं ते मावशींनी सांगितलं नाही. लग्न मोडलं.

एचआरच्या बाई म्हणाल्या, "आम्हाला खूप वाईट वाटतं. एक तांत्रिक..."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती मलाच म्हणाली, "लग्न मोडलं ते मोडलं. पण लपवलं असं ते म्हणतात. मी लपवलं नव्हतं. ते मी सांगणार होते." मग तिने विचारलं, "तुम्ही नाही, तर कोण?"

"ते मला सांगता येत नाही," मी म्हणाले. "तुमच्यापासून लपवतेय असं नाही. माझं नाव आणि पासवर्ड प्रत्येक सेंटरमध्ये लिहून ठेवलेला आहे. तो कुणीही वापरतं. आता कुणी वापरला हे कुणालाच शोधता येणार नाही."

"असं कुणी ठेवलं?"

"आमच्या ऑफिसने."

"मॅडम," एचआरच्या बाई म्हणाल्या, आणि उठून उभ्या राहिल्या. मुलीने पिशवी उचलली. जाताना तिने माझा फोन नंबर मागितला आणि मी दिला.

मी माझ्या टेबलाशी गेले आणि माझा पासवर्ड बदलला.

कुणाचा रिपोर्ट अडून राहू नये म्हणून मी आधी सेंटरांना फोन केले. तातडीचे निकाल मला मेलने पाठवा, मी हाताने चढवते, असं सांगितलं. संध्याकाळपर्यंत मी तेच करत होते. अपेक्षेप्रमाणे स्क्रिप्ट सगळीकडे बंद पडली. साहेब माझ्या टेबलापर्यंत चालत आले. एरवी ते कधी येत नसत.

"काय केलंत?"

"माझा पासवर्ड बदलला."

"मी सांगितलं होतं बदलू नका."

"सर, तो माझा आहे."

त्यांनी माझ्या स्क्रीनकडे पाहिलं. मला वाटतं, नोकरीवरून काढतो असं म्हणायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण सेंटरांचे फोन वाजत होते, मालकांचाही आला होता, आणि मला काढून स्क्रिप्ट चालू होणार नव्हती. मी त्यांना माझी तयार असलेली नवी स्क्रिप्ट दाखवली. प्रत्येक सेंटरला वेगळं खातं उघडायला त्यांची मंजुरी लागणार होती, तेवढी द्या, असं मी म्हणाले. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या फोनवरून दिली. ऑफिस सुटायच्या आत बराकपूर नव्या खात्याने चालू झालं. त्याला रिपोर्ट टाकता येत होते, उघडता येत नव्हते. ज्या कामाला कित्येक तिमाह्या मिळत नव्हत्या ते काम तेवढ्यात झालं. माझा राग तेव्हा निवला असेल असं कुणाला वाटेल. उलट तेव्हाच तो खरा भडकला. इतकं सोपं होतं, आणि तरी एका मुलीची बदनामी होईपर्यंत ही माणसं थांबली.

वर्षाअखेरच्या मीटिंगमध्ये साहेबांनी मोठ्या पडद्यावर "आपली नवी सुरक्षा प्रणाली" दाखवली. टाळ्या झाल्या. माझ्या वार्षिक शेऱ्यात लिहून आलं की कामात चांगल्या आहेत, पण प्रक्रियेचं पालन करत नाहीत. मुलीला कंपनीने पत्र पाठवलं. त्यात "तांत्रिक त्रुटीमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल" खेद होता. फोनवर तिने मला "गैरसोय" हा शब्द दोनदा वाचून दाखवला.

तिने पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार नोंदवली आणि मला जबाब द्यायला याल का विचारलं. नवरा म्हणाला, "नोकरी जाईल." मी म्हणाले, "जाऊ दे." त्यावर तो म्हणाला, "मी येऊ का बरोबर?" मी नको म्हणाले.

तपास अधिकारी तरुण होता, मन लावून ऐकत होता. मी स्क्रिप्टबद्दल, पट्टीबद्दल, माझ्या मेलांबद्दल सगळं सांगितलं आणि त्यांच्या प्रती दिल्या. तो टाईप करत गेला. रिपोर्ट कुणी उघडला, या जागी त्याने लिहिलं: अज्ञात व्यक्ती.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "पण त्याच्या पुढे लिहा, की ती व्यक्ती अज्ञात राहील अशी सोय कंपनीच्या अधिकाऱ्यांनी, त्यांना लेखी कळवलेलं असताना, केली होती."

"हे तुमचं मत झालं."

"माझा जबाबही माझाच आहे. लिहा."

मुलगी शेजारी बसली होती. अधिकाऱ्याने लिहिलं. तिने त्याला ते बांगलात वाचून दाखवायला सांगितलं. त्याने वाचलं. तिने पुन्हा एकदा वाचायला लावलं, हळू.

बाहेर रस्त्यावर आल्यावर तिने सांगितलं की तिने त्या मुलाला फोन केला होता. त्याला सगळं कळलेलं असूनही, रविवारसाठी जुळवलेली वाक्यं जशीच्या तशी त्याला ऐकवली. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"का केलात?" मी विचारलं.

"माझं होतं ते," ती म्हणाली. "एकदा तरी मी सांगायला हवं होतं."

तिला शाळेची वेळ होत होती. ती ई-रिक्षात बसून गेली, आणि मी स्टेशनकडे चालू लागले. ऑफिसातून साहेबांचा फोन येत होता; तो मी वाजू दिला.